गरम गाडीचं झाकण

—नाही हो, आवाज ऐका तुम्ही, आवाज! बॉनेटवर हात ठेवा. थरथरतंय का? नाही ना? चौदा वर्षांची पिकअप आहे ही, आणि अख्खं इंजिन मी खोललं, मीच बसवलं — इथेच, मानपाड्याला, या पत्र्याखाली. एमआयडीसीत फिटर होतो मी, कंपनी बंद पडली तेव्हा ही घेतली. अकरा वर्षांत दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही हिला. गॅरेजवाले काय, एक बोल्ट आवळतात नि दोन ढिले सोडतात. आपलं तसं नाही.

दोन वर्षं उभी का होती? विचारणारच तुम्ही, सगळे विचारतात. हीट झालेली. घोडबंदर रोडला, भर ट्रॅफिकमध्ये. मी नव्हतो, भाऊ चालवत होता — साकेत, धाकटा माझा. त्याच आठवड्यात मी वॉटर पंप बदललेला, नवाकोरा, मग हीट व्हायचं कारणच काय? पण काटा चढला वर, मागून बसवाले हॉर्न मारतायत, हा गडबडला, खाली उतरला नि रेडिएटरचं झाकण फिरवलं. गरम गाडीचं झाकण कोणी उघडतं का, तुम्ही सांगा? उकळतं पाणी थेट तोंडावर. उजवा डोळा गेला. बत्तीस वर्षांचा माणूस — आणि तो पट्ट्या बांधून पडलेला असताना मी काय विचारलं असेल? "पाणी बघून निघायला काय झालेलं तुला?" म्हणतो, "दादा, आईशप्पथ, भरलेलं मी पाणी." म्हटलं, खोटं बोलू नको. नातेवाइकांसमोर म्हटलं, त्याच्या बायकोसमोर, दर्शनासमोर म्हटलं. एकदा नाही, दहादा. शेवटी घर सोडून कोपरला गेली दोघं. आता एका सोसायटीत वॉचमन आहे तो. दुसऱ्यांच्या गाड्यांना गेट उघडतो.

दोष? दोष म्हणजे... आता मे महिन्यात खोललं तेव्हा कळलं. खालच्या पाइपात फडकं निघालं. पंप काढला की पाइपाच्या तोंडात बोळा कोंबतात, कचरा जाऊ नये म्हणून — आणि परत बसवताना तो काढायचा असतो. राहिला कुणाचा तरी. पाणी फिरणार कुठून? गॅरेजवाल्यांचं हे असंच—

काय बघताय असं? ... हां. मीच म्हटलं मघाशी, दुसऱ्याचा हात नाही. आहे माझ्या लक्षात. हिरव्या फुलांचं फडकं होतं, आमच्या हेमांगीच्या जुन्या गाऊनचं. माझ्याच हाताने फाडलेलं. तिला, बायकोला, दाखवलं नाही हो. तिथे मागे नेऊन जाळलं. ओलं होतं, पेटता पेटेना.

मग गेलो ना कोपरला! गेल्या रविवारी गेलेलो, सांगायलाच गेलेलो. दर्शनाने चहा आणून ठेवला. साकेत समोर बसला — मान अशी तिरकी करून बघतो आता, सवय झालीय — आणि मी बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "दादा, तू बरोबर होतास. मी पाणी बघितलंच नसणार. खूप आठवून बघतो, पण आता माझीच खात्री वाटत नाही मला." ऐकताय ना? दोन वर्षं एकच गोष्ट कानावर घातली मी त्याच्या, बसली डोक्यात. आणि मी काय केलं माहितीये? पाठीवर हात ठेवला त्याच्या. म्हटलं, "जाऊ दे रे, होतं असं." म्हणजे माफ केलं मी त्याला! मी! त्याच्या एका डोळ्यातून पाणी आलं. मी चहा प्यायलो. पूर्ण प्यायलो.

नाही, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही गाडी बघायला आलात, झाली बघून. त्याला सांगा म्हणे! कोण तुम्ही? ती चावी ठेवा तिथे. ठेवा म्हटलं ना. नाही विकायची मला. निघा.