वरून तिसरी कडी

— नाही नाही काकू, तो नको, तो ठेवा खाली. दिसायला छान आहे, मान्य. लाल-काळा दोरा, वर काचेसारखं वार्निश. म्हणूनच दुकानात पाय ठेवला की सगळे आधी त्यालाच हात लावतात. पण रॉड काय कपाटात ठेवायचाय? मासे धरायचेत ना? कोणासाठी घेताय, मिस्टरांसाठी? ... तुमच्यासाठीच? अहो, मग आधी नाही का सांगायचं, मी मघापासून साड्या दाखवल्यासारखा नुसते रंग दाखवतोय. हसा, हसा. कॉलेज सोडलेल्या माणसाला लोक हसतातच, सवय आहे मला.

काय म्हणालात, जावयाच्या हातचा हवाय? तुम्हालाही तेच सांगितलं का कोणीतरी! सगळ्या गल्लीला झालंय काय? दुकानाची पाटी कोणाची — बाबांची. काउंटरवर दिवसभर उभा कोण — मी. गळ सुटे करून देणारा, तंगूसाच्या दोरीचा गुंता सोडवणारा, पोरांनी सांडलेली शिशाची वजनं गुडघ्यावर बसून वेचणारा — मी. आणि नाव कोणाचं? दाजींचं. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आधी कुठल्याशा कंपनीत पंखे विकत होता, ती कंपनी बुडाली, तर हे आले आमच्याकडे ‘थोडे दिवस’. थोड्या दिवसांना दोन वर्षं झाली. आता आतल्या खोलीत बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून रॉड बांधत बसतात, चहा जागेवर जातो. माझा चहा कुठे येतो? येत नाही. मीच आत जाऊन पातेल्यात उरलाय का बघायचं.

ते राहू दे. तुम्ही हा बघा. हा, हा, वरचा — थांबा, मी काढतो. हा माझा आहे. माझा म्हणजे मी बांधलेला, कोरी कांब आणून मूठ बसवण्यापासून ते शेवटच्या कडीला दोरा गुंडाळण्यापर्यंत. धरा. हलका आहे की नाही? आता तो लाल-काळा, दाजींचा, धरून बघा. मऊ, लिबलिबीत, मुठीपर्यंत वाकतो. माझा कुठे वाकतो — फक्त शेंड्यात, वरचा एवढा भाग, खाली ताठ. याला म्हणतात फास्ट ॲक्शन. मासा लागला की हाताला लगेच कळतं, झटका दिला की गळ तिथल्या तिथे रुततो. ताठ कण्याचा रॉड आहे हा काकू, सासऱ्यापुढे वाकणारा नाही.

कुठे बसता तुम्ही धरायला, तलावाच्या भिंतीवर? छोटा गळ, कणकेची गोळी... आणि मासे छोट्या तोंडाचे. हं. म्हणजे — नाही, तसं बघितलं तर त्याला मऊ रॉड बरा, झटक्यानं ओठ फाटतो म्हणतात. पण म्हणतात. तुमचा हात तयार झाला की काही होत नाही. खरं सांगू? तुम्ही हाच घ्या. कारण... कारण काय विचारता, चांगला आहे म्हणून. बरं, सांगतो. काल जेवताना बाबा म्हणाले, सोमवारपासून आतलं टेबल दाजींचं. दोरे, वार्निश, कांबी मागवणं, सगळं त्यांच्याकडे. मी म्हटलं, आणि मी? तर ताटातून मान वर न करता म्हणतात, ‘तुझा एक रॉड टांगलाय की पावसाळ्यापासून. एका गिऱ्हाइकाला तो नीट बघून विकत घेऊ दे, मग आपण बोलू.’ ताई हसली. आई उठून आत गेली. दाजी काय म्हणाले माहितीये? ‘अहो मामा, शिकेल तो.’ शिकेल तो! माझ्याच घरात बसून! तोंडातला घास फेकून मारावा असं वाटलं. समजूतदारपणा दाखवतात ना, तिथे जास्त डोकं फिरतं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

म्हणून एक गिऱ्हाईक, बस, एकच. आणि बाबा आत आहेत, ऐकू कमी येतं पण कोणता रॉड गेला हे त्यांना बरोबर कळतं.

कड्या? विचारा, बिनधास्त विचारा. या बारक्या गोल कड्या, यातून तंगूस जातो. त्यांच्यातलं अंतर हेच तर खरं कसब आहे. आणि यात माझा रॉड कोणाच्या बापाला ऐकणार नाही, कारण अंतर कोणाचं आहे? माझ्याच बापाचं. त्यांचा तो जुना, भिंतीवरचा, ज्याला घरात कोणी हात लावायचा नाही — तो एका दुपारी मी खाली काढला, फीत लावली आणि कडी-कडीचं माप उतरवलं. केसाचा फरक नाही. मला कोणी शिकवलं नाही, कोणी शेजारी बसवलं नाही, मी उचललं. दाजींना काय, त्यांना बाबा मांडीवर घेऊन शिकवतात. कड्या आधी नुसत्या चिकटपट्टीनं लावायच्या, दाजींनी मूठ धरायची, बाबांनी स्टुलावर बसून तंगूसाचं टोक ओढायचं, रॉड असा कमान होतो, आणि मग ‘ही अर्धं बोट वर घ्या’, ‘हां, आता जरा खाली’ — तासभर! दोघं असे हसतात, जणू पतंग उडवतायत. मला हाक मारली होती एकदा, ‘ये रे, टोक धर.’ मी का धरू? टोक धरायला मी काय गडी आहे? मी दार आपटून बाहेर आलो. आता सगळे म्हणतात, पोरगा तिरसट आहे. आहेच.

काय? ओढून बघायचाय? बघा की! घाबरतो काय मी? थांबा, तंगूस ओवतो... ही एक, ही दुसरी... झालं. हे टोक तुम्ही धरा, हाताला रुमाल गुंडाळून घ्या, कापेल नाहीतर, आणि खाली ओढा, मी मूठ धरतो. ओढा. अजून. बघा कसा वाकतो, शेंडा बघा, काय देखणी कमान... काय? कुठे?

वरून तिसरी.

नाही, ते असंच असतं. तंगूस थोडा... थांबा, सोडू नका. तसंच धरा. हा तंगूस काठीच्या वळणाबरोबर जायला हवा, आणि इथे तिसऱ्या-चौथ्या कडीच्या मध्ये सरळच गेलाय, धनुष्याच्या दोरीसारखा. सगळा जोर या एका कडीवर. मोठा मासा लागला तर इथेच... पण माप तर बरोबर आहे! मी तीनदा फीत लावली होती. बाबांच्या रॉडची मापं आहेत ही, बाबांचा रॉड तर —

बाबांचा रॉड मुठीपर्यंत वाकतो. सगळीकडे सारखा. आणि हा नुसता शेंड्यात. मग याला वर कड्या जवळजवळ हव्यात ना. अर्थात हव्यात. जिथे वाकतो तिथे. एवढं तर शेंबड्या पोरालाही — हे ते दोघं बघत होते तर. त्या तासभरात. अर्धं बोट वर, अर्धं बोट खाली.

मला वाटलं लाड चाललेत.

काय म्हणालात? नको, ‘मी हाच घेते’ म्हणू नका. अजिबात म्हणू नका. चेहरा बघितला ना माझा आणि लगेच पाघळलात. ‘नीट बघून’ म्हणाले होते ते. तुम्ही नीट बघितलाय. आता घेतलात तर ती भीक झाली, आणि तलावाच्या भिंतीवर माझी कडी तुटणार, आणि तुम्ही गल्लीभर सांगणार की पोराचा रॉड होता म्हणून. तो लाल-काळा घ्या. तुमच्या माशांना तोच बरा. हो, माहितीये मी काय बोललो मघाशी, मुद्दामच बोललो.

... बघा, बाबा आवाज देतायत. ‘कोणता गेला रे?’

दाजींचा, बाबा! ... दाजींचा म्हटलं! लाल-काळा!



पिशवी देतो मोठी, शेंडा बाहेर राहील, दारातून जाताना जपून. आणि काकू — ते टोक सोडा आता. किती वेळ धरून उभ्या राहणार आहात? सोडा म्हणतो ना.