सत्यवानाला वन्समोअर

बदनापूर स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी साठीतलं एक जोडपं बसलं होतं.

"उमा, नाटकातलं माझं सत्यवानाचं मरतानाचं पद नव्या दिग्दर्शकानं दोनच मिनिटांचं करून टाकलं."

"बराबर केलं. आजकाल लोकांना दम न्हाई. यमालाही गाडी गाठायची असंल."

"अन् वन्समोअर आला तर?"

"मेलेला माणूस काय करणार?"

"उठायचं, पद पुन्हा गायचं अन् पुन्हा मरायचं. संगीत नाटकात तसंच असतंय."

"या वयात दोनदा मरणार? डॉक्टरांना विचारलं का?"

"थट्टा नको करू. आता वन्समोअर म्हणतंय कोण? सगळे मोबाईलमधी."

"मी म्हणीन की. मागल्या साली आयसीयूच्या दारापाशी तीन दिवस तेच म्हणून राह्यले होते. उठलात का न्हाई?"