गिटारवालं गाणं

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई नवऱ्याच्या एक्स-रेची वाट बघत होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसले होते. कान काही मिटता येत नाहीत, त्यामुळे बाईंना सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, डॉक्टर म्हणाले, भेटून घ्या. आईला गाणं ऐकायचंय."

"म्हणतो की. लुथरन मंडळीच्या चर्चमध्ये जन्मभर ऑर्गन वाजवलाय मी."

"तुमचं जुनं नाही. गिटारवालं मागतेय. रविवारी पोरं म्हणतात ते."

"त्या धांगडधिंग्याला ती उपासना म्हणते?"

"गिटार आली तसे तुम्ही ऑर्गनचं झाकण लावून घरी बसलात, पण ती चर्चला जात राहिली ना."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत."

"अगं, पण त्यात देव कुठे आहे?"

"ते मला नाही कळत, बाबा. ते गाणं म्हणताना तिचे डोळे भरून यायचे. मग ती तुमच्यासाठी प्रार्थना करायची."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही परत यावं म्हणून. चर्चच्या पाळकांना बोलावू का? ते म्हणतील."

"नको. मला शिकव."

"आत्ता?"

"पहिली ओळ सांग. जरा मोठ्यानं, मला ऐकू येत नाही."

मुलगी त्यांच्या कानाशी लागून गाऊ लागली. म्हातारे चाचपडत मागून म्हणू लागले. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात आतून नर्स आली.

"गेल्या त्या," ती हळूच म्हणाली.

मुलगी गाता गाता थांबली.

"थांबू नकोस," म्हातारे म्हणाले. "पुढची ओळ सांग."