साळुंकीची तिसरी शिट्टी

तुला सांगतो, आमच्या कुंभिवलीच्या घरामागं पेरूवर एक साळुंकी हाय. थेट कुकरसारखी शिट्टी मारते. आईचा हिशेब चुकायचा, आमी कच्ची डाळ खायचो आणि आई तिच्या नावानं बोटं मोडायची.

परवा आई मागं भांडी घासत होती. तिसरी शिट्टी ऐकून गॅस बंद करायला आत गेली, तर वाऱ्यानं शेगडी विझलेली, घरभर वास! कुकर वाजलाच नव्हता. बाबांचं नाक सर्दीनं बंद. ते देवापुढं दिवा लावायला बसलेले.

"काडी ओढू नका!" आई ओरडली.

आता पहिला घास साळुंकीला. काल बाबा म्हणाले, "अगं, डाळ कच्ची हाय."

"गुमान खावा. ती म्हणतेय शिजली, म्हंजे शिजली!"