पाठीवरचं नाव

ड्रायरच्या पत्र्यावर शर्टाची बटणं टकटक वाजायला लागली आणि कपडे धुण्याच्या दुकानातली दुपारची शांतता मोडली. लेकीचे मोजे जुळवता जुळवता मारिसाचे कान समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बहीणभावाकडे गेले.

"ओर्टेगालाही विकलं, अर्नेस्टीन. आपल्या अख्ख्या बेसबॉल संघात तो एकटा चेंडू धड झेलत होता."

"आणि बदल्यात?"

"एकोणीस वर्षांची तीन पोरं. संघाची नव्याने बांधणी चाललीय म्हणे. पाच वर्षं कळ काढा."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणाले होते, लोवेल."

"आणि तेव्हाची पोरं तयार झाली, तशी तीही विकली. अरे, जुना एक तरी ठेवा. नव्यांना शिकवणार कोण?"

"मग तुझ्या शर्टाच्या पाठीवरचं ओर्टेगाचं नाव उसवू?"

"उसव."

"हे पाचवं. पाठीचं कापड विरलंय, आता नवं नाव टिकायचं नाही."

"नवं नाव घालूच नकोस. कोऱ्या पाठीला कुणी विकू तरी शकणार नाही."

"आणि मैदानात हंगामभर पैसे भरून राखलेली तुझी खुर्ची? पुढच्या हंगामाचं आज कळवायचंय. सोड आता. गुडघे बघ तुझे."

"सोडतोच."

ड्रायर थांबला. अर्नेस्टीनने गरम शर्ट मांडीवर घेतला आणि चष्मा लावून टाके शोधू लागली. लोवेल फोन घेऊन दारापर्यंत जाऊन आला.

"कळवलंस?"

"कळवलं."

"काय?"

"ठेवा म्हटलं."

"वाटलंच मला."

मारिसाच्या कुशीत शिरून लेक हळूच म्हणाली, "आई, त्या आजोबांना तिथे एवढं वाईट वाटतं, तर ते जातात कशाला?"