उडवलेलं पहिलं पान

मंडळी, ऐका. आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. दुसऱ्याच्या कष्टावर आपण काही उभं केलं, तर त्याचं नाव का घ्यायचं? तुम्ही म्हणाल, महाराज, सौजन्य म्हणून. बरं! मग विसरलं तर काय बिघडतं? तेच सांगतो.

आमच्या तालुक्यातला वैजनाथ ढगे. पीएचडी करत होता, विषय विहिरींचं पाणी. आता पाणी मोजायचं म्हणजे उन्हातान्हात हिंडणं आलं — याला कुठली हौस! विद्यापीठात त्याच्याच विभागात इंदुमती गवारे म्हणून एक ताई होत्या. त्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, विहिरीत टेप सोडून पाणी मोजलेलं. सगळी फाइल याला दिली. म्हणाल्या, "वैजू, खुशाल वापर. फक्त कुठून घेतलंस ते लिही."

लिहिलं का? छे! त्याच्या मनात आलं, ताईंचं नाव टाकलं तर माझं म्हणून काय उरलं? फाइलच्या पहिल्या पानावर ताईंचं नाव होतं, खाली बारीक अक्षरात आणखी काहीबाही. त्यानं ते पानच उडवलं — न वाचता! संदर्भांची यादी मात्र लांबलचक. न उघडलेली पुस्तकंसुद्धा त्यात. लग्नपत्रिकेत कधी न भेटलेल्या पुढाऱ्यांची नावं असतात ना, तशी!

तोंडी परीक्षेचा दिवस. आई पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन मागच्या रांगेत. बाहेरगावचे परीक्षक शांतपणे म्हणाले, "ढगे, ग्रामपंचायतीच्या नोंदीत ही विहीर चाळीस फूट खोल. तुमच्या तक्त्यात पाणी बेचाळीस फुटांवर. तळाच्याही खाली पाणी होतं का?"

सगळे हसले. आई हसली नाही.

"मोजलं कुणी?"

"मीच, सर."

"मग टेप कुठून धरला होता?"

काय सांगणार? टेप कधी हातात घेतला असेल तर ना! शेवटी मान खाली घालून म्हणाला, "सर, मोजलं इंदूताईंनी." परीक्षकांनी तिथूनच फोन लावायला सांगितला.

ताई म्हणाल्या, "अरे, कठड्यावरून मोजलंय. कठड्याची उंची वजा करायची. पहिल्याच पानावर लिहिलंय, माझ्या नावाखाली. बघितलं नाहीस?"

कळलं का, मंडळी? नाव काढायला गेला, आणि नावाखालचं सांगणंही गेलं. अडलं तर विचारायचं कुणाला, ती वाट यानं स्वतःच्या हातानं बुजवली होती.

परीक्षा तिथंच थांबली. पेढ्यांचा डबा न उघडता घरी गेला, आणि मला त्या माउलीचंच जास्त वाईट वाटतं. वैजूनं प्रबंध नव्यानं लिहिला, प्रत्येक तक्त्याखाली ताईंचं नाव घातलं. पुढे डिग्री मिळाली, तेव्हा आईनं पहिला पेढा ताईंच्या हातावर ठेवला.

आता तुमच्याकडे येतो! सकाळी उठून मोबाइलवर पाठवता — एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, कारल्याचा रस प्या. कोणत्या डॉक्टरांनी? रस बाधला तर जायचं कुणाच्या दारात? अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं, ते गाळून म्हणायची छाती आहे का कुणाची?

आणि ही गोष्ट मला सांगितली कुणी? खुद्द वैजूनं. म्हटलं, बाबा, नाव बदलून सांगू का? म्हणाला, "नको महाराज. एकदा नाव काढून बघितलंय मी. माझं राहू द्या."

तेव्हा घरी जाऊन सांगाल, तर त्याच्या नावानं सांगा.