मावशींचा प्रश्न आणि आपल्या टाळ्या

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावर दाटीवाटीने पण हसतमुखाने बसलेले आजचे प्रमुख पाहुणे उपमहापौर साहेब, सल्लागार मंडळातले माझे विद्वान सहकारी, पहिल्या रांगेतले देणगीदार, मागच्या रांगांमधली ती सगळी मंडळी ज्यांच्या नावाने आपण त्या देणग्या मागतो, आणि जिच्यासाठी हा सोहळा मांडला आहे ती आपली सगळ्यांची मावशी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सल्लागारांत वयाने मी सर्वात मोठा, म्हणून चार शब्द मी बोलावेत असं ठरलं. घरून निघताना आमच्या सौभाग्यवतींनी बजावलं आहे, ‘थोडक्यात बोला, आणि विनोद करू नका. दातांच्या डॉक्टरने विनोद केला की लोक हसताना तोंड झाकतात.’ तेव्हा प्रयत्न करतो.

पाहुण्यांच्या मनात एक शंका आली असेल. निरोप ज्यांना द्यायचा त्यांची खुर्ची मधोमध असते. ती आहे, पण तिच्यावर नुसता पुष्पगुच्छ बसला आहे. मावशी कुठे आहेत? त्या पाहा, मागे खांबाजवळ उभ्या आहेत आणि मी जे बोलतो आहे ते मागच्या रांगांना त्यांच्या भाषेत सांगताहेत. त्याचं असं झालं की आजच्या कार्यक्रमाची तयारी अगदी चोख होती. फुलं आली, फलक आला, माइक दोनदा तपासला. दुभाष्याची सोय मात्र आज दुपारी आठवली. आणि संस्थेत दुभाषी किती? एक. तिचाच तर निरोप! शेवटी कोणीतरी चाचरत मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्याच निरोपाला मीच राबू? राबते. पण स्तुती आली की मी गाळणार, आधीच सांगते.’

आणि त्या गाळताहेत! आत्ता ‘आपली सगळ्यांची मावशी’ म्हणालो तेव्हा पुढे सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मागे कोणाची मानही हलली नाही. चालू द्या मावशी, मी लक्ष ठेवून आहे.

मावशींची आणि माझी पहिली भेट माझ्या दवाखान्यात झाली. दाढ धरून एक पेशंट आला होता आणि त्याच्याबरोबर या. पेशंटला खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं, आणि मी आपला मोठ्या शहाणपणाने म्हणालो, ‘बाई, आता तुम्ही बाहेर बसा. तोंड उघडं असताना माणूस बोलत नाही, दुभाषी काय करणार?’ त्या हलल्या नाहीत. मी दातावर टकटक केली, पेशंट ओरडला, मी चिमटा उचलला. मागून आवाज आला, ‘डॉक्टर, तो नव्हे. शेजारचा.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला कसं कळलं? तो तर नुसता ओरडला.’ तर म्हणाल्या, ‘ओरडून तो त्याच्या भाषेत नाही म्हणत होता.’ पेशंटचा एक चांगला दात वाचला आणि माझी अब्रूही वाचली. त्यानंतर त्यांनीच मला या संस्थेत ओढून आणलं. वेगवेगळ्या मुलखांतून, वेगवेगळ्या भाषा घेऊन या शहरात आलेल्यांना एकत्र आणणारी संस्था, असं त्यांनी सांगितलं. इथे सल्लागार व्हायला काय लागतं, असं मी विचारलं. ‘पांढरे केस,’ म्हणाल्या.

मावशी गोड बोलतात असा कोणाचा समज असेल तर तो त्यांना कधी भेटला नसावा. हॉस्पिटलमधल्या एका मोठ्या डॉक्टरांनी एका आजोबांना आजाराबद्दल लांबलचक माहिती दिली. मावशींनी ती दोन वाक्यांत सांगितली. डॉक्टर नाराज. ‘एवढंच?’ मावशी म्हणाल्या, ‘आजोबांसाठी एवढंच होतं. बाकीचं तुम्ही स्वतःला सांगत होतात.’ मग आजोबा बराच वेळ तावातावाने बोलले. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय म्हणतात?’ ‘त्यांना थोडी शंका आहे,’ मावशी म्हणाल्या. आजोबा नेमकं काय म्हणाले ते सांगायची सोय नाही, समोर महिलावर्ग बसला आहे.

हे सगळं चालतं ते खालच्या मजल्यावरच्या खोलीतून. रस्त्याकडची मोठी खिडकी आणि खिडकीला लागून मावशींचं टेबल. नव्याने आलेला माणूस सरळ आत येत नाही, महाराज. तो आधी दुकानात जायचं असल्यासारखा खिडकीवरून पुढे जातो. मग परत येतो. हातात शाळेचा नाहीतर हॉस्पिटलचा कागद असतो, पण तो खिशात लपवलेला. मावशी सगळं बघत असतात आणि पुन्हा आला की काचेवर टकटक करतात. मग तो आत येतो. आपल्या वार्षिक अहवालात ज्याला ‘लाभार्थ्यांशी प्रथम संपर्क’ म्हणतात, तो हा.

आता जरा आपल्या कार्यपद्धतीविषयी सांगतो. पाहुण्यांना ठाऊक नसेल, पण आपल्या सल्लागार मंडळात श्रवणफेरी असते. पूर्वी आमच्या बैठकांमध्ये भांडणं व्हायची, खरीखुरी. एकदा वार्षिक कार्यक्रमात रंगमंचावर आधी कोणाचा गट जाणार, यावरून दोन सल्लागार इतके तापले की एकाने माइक उचलला, आणि तो बोलण्यासाठी उचलला नव्हता. त्या दिवशी अध्यक्षबाई जिन्यात बसून रडत होत्या. मी पाहिलं आहे. स्वतःच्या गाडीने घरोघर जाऊन त्यांनी ही माणसं गोळा केली होती. कोणालाही रडू आलं असतं.

त्यातून श्रवणफेरी जन्माला आली. प्रत्येकाने पाळीपाळीने बोलायचं. मध्ये बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, उत्तर द्यायचं नाही. बोलणं संपलं की टाळ्या. शेवटी अध्यक्षबाई सगळ्याचं सार सांगतात, आणि ते सार, योगायोग म्हणा, त्यांच्या मनात होतं तेच निघतं. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपण जवळजवळ घटनेतच घातली. पण भांडणं थांबली, हे कबूल केलं पाहिजे. विविधतेचा प्रसार करणाऱ्या या संस्थेत त्यानंतर एकदाही मतभेद झालेला नाही. असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मावशींना आज जे सन्मानचिन्ह मिळणार आहे, तो काचेचा कान, तोही याच श्रवणाचं प्रतीक आहे. फार सुंदर आहे. पुसताना जपा.

तर या वर्षी वास्तुरचनाकारांनी एक आराखडा मांडला. खालच्या खोलीचं श्रवणदालन करायचं. मंद दिवे, मऊ आसनं, आणि कानाला लावायचे हेडफोन. ते लावले की निरनिराळ्या भाषांमधले आवाज ऐकू येतील. मावशींचं टेबल वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, कपाटांच्या पलीकडे.

मावशी त्या बैठकीत आपल्या सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत म्हणाल्या, ‘खिडकी गेली तर माणसं येणार नाहीत.’ नियमाप्रमाणे कोणी उत्तर दिलं नाही. टाळ्या झाल्या. पुढच्या बैठकीत म्हणाल्या, ‘हेडफोनमधले लोक खाली बसणार आणि जिवंत लोकांनी जिने चढायचे का?’ पुन्हा टाळ्या. जरा जास्तच झाल्या, कारण वाक्य चांगलं होतं.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर आपणच लिहिलं आहे, ‘येथे प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलावे.’ इतकी वर्षं तो फलक आहे, पण तसं कोणी बोललं नव्हतं, कारण प्रत्येकाला आपलं म्हणणं इतरांना कळावंसं वाटत होतं. मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भाषेत बोलल्या. बोट टेबलावर आपटत बोलल्या. आवाज चढला, डोळे भरून आले. आणि आपण? मंडळी, आपण किती भारावलो! एकाने चष्मा काढून पुसला. सगळे उभे राहिलो, मीही राहिलो, आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाईंनी सार सांगितलं, ‘मावशींनी आज आपल्या मातृभाषेतून दालनाला आशीर्वाद दिला.’ ठराव एकमताने मंजूर झाला. मावशींनी पिशवी उचलली, पुन्हा आपल्याला कळणाऱ्या भाषेत म्हणाल्या, ‘बरं. कळलं,’ आणि गेल्या.

त्या काय बोलल्या होत्या? एकाही सल्लागाराने विचारलं नाही. विविध भाषांचे सल्लागार म्हणून ज्यांची नेमणूक आहे त्यांनी ‘मला कळलं नाही’ म्हणायचं कसं? अळीमिळी गुपचिळी.

मला ते कळलं सलूनवाल्या काकांकडून. ते आपले नवे सल्लागार, मावशींचीच भाषा बोलणारे, पण चार माणसांसमोर उभं राहिलं की त्यांची बोबडी वळते. माझी दाढी करता करता म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्ही लोकांनी मावशींना असं कसं काढलंत हो?’ वस्तरा गळ्याशी होता, त्यामुळे मी अतिशय लक्षपूर्वक ऐकलं. मावशी त्या दिवशी म्हणाल्या होत्या, ‘माझं टेबल खिडकीत राहणार असेल तर मी राहते. वर जाणार असेल तर मी आजच काम सोडते. काय ते तोंडावर सांगा. टेबल राहणार की नाही?’

आणि आपण उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी काकांना म्हटलं, ‘अहो, मग तुम्ही तिथेच का नाही सांगितलंत?’ ते म्हणाले, ‘उत्तर द्यायचं नाही असा तुमचाच नियम. आणि तुम्ही सगळे इतके खूश दिसलात, मला वाटलं तुमचं ठरलेलंच असेल.’ घरी येऊन हे सांगितलं तर सौभाग्यवती म्हणाल्या, ‘न कळताच मान डोलावलीत? घरी तर कळलं तरी डोलवत नाही.’

मी अध्यक्षबाईंकडे गेलो. त्यांना मनापासून वाईट वाटलं, हे मी इथे मुद्दाम सांगतो. पण त्या म्हणाल्या, ‘आता मागे फिरलो तर आपल्याला ती भाषा येत नव्हती हे बाहेर येईल. आपल्याच संस्थेत! देणगीदार काय म्हणतील?’ झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ, मी तरी कोणाला दोष देणार? मग राजीनामा सन्मानपूर्वक स्वीकारायचं ठरलं, निरोप समारंभाची उपसमिती नेमली गेली, आणि आज आपण इथे जमलो आहोत.

अध्यक्षबाई, रागावू नका. मूठ मी उघडतो आहे, पण ती तुमच्या एकटीची नाही, आमच्या सगळ्यांचीच आहे. आणि देणगीदार समोरच बसले आहेत. बघा, त्यांतलं कोणीही उठून गेलेलं नाही.

मावशी, तुम्ही का थांबलात? नाही नाही, ही स्तुती नाही, हे गाळायचं नाही. सांगा त्यांना. टेबलाचं सांगा, खिडकीचं सांगा. सांगा, आम्ही थांबतो.

हं. मागच्या रांगांमध्ये आता गलबला सुरू झाला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं का? अर्थात, त्यांना सांगणार कोण होतं? आम्हाला वाटलं, मावशी सांगतील. त्या पिवळ्या स्वेटरमधल्या आजी उभ्या राहिल्या आहेत, काहीतरी विचारताहेत. मावशी, काय म्हणतात त्या? मोठ्याने सांगा, पुढच्यांना ऐकू येत नाही.

‘सोमवारी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. माझ्याबरोबर कोण येणार?’

धन्यवाद, आजी. आमच्या साऱ्या श्रवणफेऱ्यांत इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मंडळी, मला मावशींचा फार लोभ आहे. त्या गेल्या तर मला वाईट वाटेल, आणि हे मी दडवून ठेवणार नाही. पण निरोपाच्या भाषणात जे म्हणायचं असतं, की त्या जिथे जातील तिथे सुखी राहोत, ते माझ्या तोंडून निघत नाही, कारण त्यांना कुठे जायचंच नाही. त्यांनी जाण्याची परवानगी मागितली नव्हती. त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

म्हणून सल्लागार या नात्याने तोच प्रश्न मी आपल्या सगळ्यांना कळेल अशा भाषेत विचारतो. अध्यक्षबाई, मावशींचं टेबल खिडकीत राहणार की नाही?

मला बोलायची संधी दिलीत याबद्दल मी संस्थेचा आणि उपसमितीचा ऋणी आहे. वेळ काढून आलेल्या पाहुण्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर या म्हाताऱ्याला उदार मनाने क्षमा करा. फक्त एक विनंती आहे, टाळ्या वाजवू नका. कृपा करून कोणीही वाजवू नका.

अध्यक्षबाई, हा माइक घ्या. मावशी खांबाजवळ उभ्याच आहेत. तुम्ही जे म्हणाल ते त्या एकही शब्द न गाळता आजींना सांगतील.